एका ग्रॅममध्ये पंधरा गुंठे

धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत भूखंड चौरस मीटरने मिळतो. गावात मात्र जमिनीचं बोलणं अजून एकर-गुंठ्यांतच चालतं. दोन्ही मापं हाताशी ठेवून एक आकडा वाचून बघण्यासारखा आहे. दक्षिण कोरियातल्या एका प्रयोगशाळेने 2000 साली बनवलेल्या कार्बनच्या पुडीत दर ग्रॅममागे 1520 चौरस मीटर पृष्ठभाग भरला. म्हणजे पंधरा गुंठे. चहाच्या चमच्यात मावेल एवढी काळी पूड, आणि तिच्या पोटात पंधरा गुंठे रान. सातबारा तेवढा निघत नाही.

एवढी जागा येते छिद्रांमुळे. छिद्रं जितकी बारीक आणि जितकी दाट, तितक्या त्यांच्या भिंती जास्त. त्या भिंतींवर वायू चिकटतो, रंग चिकटतो, औषधाचे रेणू चिकटतात, विजेचा भार बसतो. हा पृष्ठभाग मोजायची रीत 1938 सालची आहे. ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर या तिघांनी ती दिली. पूड उणे 196 अंश सेल्सियसपर्यंत थंड करायची, तिच्यावर नायट्रोजन सोडायचा आणि किती चिकटला ते मोजून भिंतींचं क्षेत्रफळ काढायचं. आजही जगभरच्या प्रयोगशाळा हीच मोजणी करतात.

छिद्रांचा कोळसा तसा कुणालाच नवा नाही. घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तो ॲक्टिव्हेटेड कार्बन याच जातीचा. त्याची पेटंटं राफाएल फॉन ओस्ट्रेय्को याने 1900 आणि 1901 मध्ये घेतली. साखरेचा पिवळटपणा काढायला तो वापरला गेला आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत शिरला. कृती ढोबळमानाने अशी : नारळाची करवंटी किंवा लाकूड हवा लागू न देता जाळायचं आणि तयार कोळशावर आठशे-नऊशे अंशांना पाण्याची वाफ सोडायची. त्या तापमानाला वाफ कार्बनचाच घास घेते, त्याचा वायू होऊन उडून जातो आणि मागे पोकळ्या राहतात.

या पोकळ्या आपल्या मर्जीने होत नाहीत. वाफेला जिथे कमकुवत जागा सापडते तिथे ती कोरते. बहुतेक छिद्रं दोन नॅनोमीटरच्या आतली निघतात. काही मोठी, काही मध्येच बंद. पाण्यातला क्लोरीन काढायला एवढं पुष्कळ झालं. पण रंगाचा बोजड रेणू, जीवनसत्त्वाचा रेणू किंवा प्रथिन अशा छिद्राच्या तोंडाशीच अडतं. आत पंधरा गुंठे असले काय नि पन्नास असले काय, दारच लहान असेल तर त्या जागेचा उपयोग शून्य. म्हणून रसायनशास्त्रज्ञांना दोन ते पन्नास नॅनोमीटरची, सगळी एका मापाची छिद्रं हवी होती.

नरडाण्याहून महामार्गाने धुळ्याकडे निघालं की सोनगीर लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव खानदेशभर माहीत आहे. धातूला आकार द्यायच्या दोन रीती असतात : ठोकून घडवायचं, नाहीतर साच्यात ओतायचं. वाफेने कोरलेला कार्बन हे ठोकीव काम. सिलिकाच्या साच्यातला कार्बन हे ओतीव काम. एरवी साचा फोडून वस्तू बाहेर काढतात. इथे साचाच विरघळवून टाकावा लागतो, कारण तो वस्तूच्या आतून-बाहेरून सगळीकडे गुंतलेला असतो.

सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग. तापीच्या वाळूत असते तीच. साचा म्हणून ती निवडण्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. हजार अंशांच्या भट्टीत तिला फारसं काही होत नाही, कार्बनशी ती तेवढ्यात भांडत नाही आणि काम संपल्यावर कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात विरघळून जाते. कार्बनला मात्र कॉस्टिक सोड्याने काही फरक पडत नाही. एक राहतो, दुसरी जाते.

ही युक्ती नीट वापरून दाखवली ती एडिनबर्ग विद्यापीठातल्या जॉन नॉक्स यांनी. त्यांचा विषय होता द्रव क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक एका बारीक नळीतून वाहताना वेगळे करण्याचं तंत्र. गोळी शुद्ध आहे का, त्यात भेसळीचा अंश किती, हे औषध कंपन्या याच तंत्राने तपासतात. शिरपूरसारख्या गावात औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या मुलांना या तंत्राचं यंत्र परकं वाटत नाही. त्याच्या नळीत सहसा सिलिकाचे कण भरलेले असतात, पण अल्कली लागली की सिलिका झिजते. नॉक्स यांनी सच्छिद्र सिलिकाच्या कणांत फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं रेझिन भरलं, नायट्रोजनच्या वातावरणात हजार अंशांना त्याचा कोळसा केला, सिलिका अल्कलीने धुऊन काढली आणि उरलेला कार्बन दोन हजार अंशांच्या वर तापवून त्याला ग्राफाइटच्या जवळ नेला. 1986 साली त्यांचा सविस्तर निबंध आला. पुढे ‘हायपरकार्ब’ या नावाने हा माल बाजारात आला आणि आजही विकला जातो. साच्यातल्या कार्बनची चर्चा नव्या शतकातली नवलाई म्हणून होते तेव्हा या गृहस्थांची आठवण बहुधा कुणी काढत नाही.

नॉक्स यांच्या साच्यातली छिद्रं वेडीवाकडी होती. त्यांना तेवढ्यावर भागत होतं. ओळीत बसवलेल्या, एका मापाच्या छिद्रांची सिलिका आली 1992 साली, मोबिल या तेल कंपनीच्या संशोधकांकडून. साबणासारखे रेणू पाण्यात आपोआप नळ्यांसारख्या रचना करतात. त्यांच्याभोवती सिलिका जमू दिली आणि नंतर साबण जाळून टाकला, की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी ओळीतली पोकळी मिळते. 1998 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे झाओ डाँगयुआन, गॅलन स्टकी आणि सहकाऱ्यांनी याच मार्गाने मोठ्या नळ्यांची, जाड भिंतींची सिलिका बनवली. तिचं नाव एसबीए-15.

कोरियातल्या काइस्ट या संस्थेत रयू र्योंग यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. 1999 साली त्यांच्या गटाने मोबिलच्याच एका भावंडी सिलिकेत, एमसीएम-48 मध्ये, साखर भरून कार्बन ओतला आणि त्याला सीएमके-1 म्हटलं. साचा काढल्यावर कार्बनच्या दोन गुंतलेल्या चौकटी एकमेकींपासून जराशा सरकल्या, त्यामुळे साच्याची हुबेहूब प्रत काही मिळाली नाही. ती मिळाली पुढच्या वर्षी, एसबीए-15 वापरून. पंधरा गुंठ्यांचा तो हाच सीएमके-3.

त्याची कृती एखाद्या पाककृतीइतकी सुटसुटीत छापलेली आहे. एक ग्रॅम सिलिका घ्यायची. सव्वा ग्रॅम साखर आणि 0.14 ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल पाच ग्रॅम पाण्यात विरघळवून त्यात सिलिका कालवायची. हे मिश्रण 100 अंशांना सहा तास, मग 160 अंशांना सहा तास ओव्हनमध्ये ठेवायचं. आम्ल साखरेतलं पाणी ओढून घेतं आणि पूड काळपट तपकिरी होते. शाळेत साखरेवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतल्यावर काळा फुगीर खांब वर येताना अनेकांनी पाहिला असेल. इथे तीच रासायनिक क्रिया चालते, फक्त काही नॅनोमीटर रुंदीच्या नळ्यांत आणि धीम्या गतीने. नळ्या एका भरण्यात पूर्ण भरत नाहीत, म्हणून 0.8 ग्रॅम साखर आणि 0.09 ग्रॅम आम्ल घेऊन पुन्हा एकदा तेच. मग 900 अंशांची भट्टी, हवेशिवाय. शेवटी कॉस्टिक सोडा आणि अल्कोहोलच्या गरम द्रावणात किंवा पातळ हायड्रोफ्लोरिक आम्लात सिलिका विरघळवायची, गाळायचं, धुवायचं, वाळवायचं. हाती येते ती साडेचार नॅनोमीटरच्या छिद्रांची पूड. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशी पंधरा-वीस हजार छिद्रं ओळीने बसतील.

या कृतीतली खरी मेख एसबीए-15 च्या भिंतींत आहे. तिच्या मोठ्या नळ्या आणखी बारीक छिद्रांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. साखर त्या बारीक छिद्रांतही शिरते आणि तिथे कार्बनचे छोटे पूल तयार होतात. सिलिका गेल्यावर कार्बनच्या कांड्या या पुलांच्या आधारावर उभ्या राहतात. मोबिलच्या षटकोनी ओळींच्या, असे जोड नसलेल्या एमसीएम-41 सिलिकेत हाच प्रयोग केला, तर साचा विरघळताच कांड्या सुट्या होऊन ढीग कोसळतो, सगळी रचना बिघडते. साच्याचा आकार बरोबर असून भागत नाही, त्याला अशी आडवी वाटही लागते.

एवढ्या खटाटोपाचं फळ कुठे दिसतं? 2009 साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नझर यांच्या गटाने सीएमके-3 च्या छिद्रांत वितळलेलं गंधक भरून बॅटरीचा विद्युतध्रुव बनवला. गंधक स्वस्त असतं आणि विजेचा भारही भरपूर घेतं, पण ते स्वतः वीज वाहून नेत नाही आणि बॅटरीतल्या द्रवात विरघळून निसटत राहतं. कार्बनच्या अरुंद बोळांत कोंडल्यावर दोन्ही दुखणी आटोक्यात आली. दर ग्रॅममागे 1320 मिलिअँपिअर-तासांपर्यंत क्षमता मिळाली आणि लिथियम-गंधक बॅटरीच्या संशोधनाला जगभर जोर चढला. इंधनघटात प्लॅटिनमचे कण विखरून ठेवायला, मोठ्या रेणूंचे रंग पाण्यातून काढायला, झटपट चार्ज होणाऱ्या सुपरकपॅसिटरमध्ये आयनांना येण्या-जाण्याची मोकळी वाट द्यायला अशीच मापातली छिद्रं लागतात.

तरीही सीएमके-3 किलोवर मिळत नाही. रसायनं विकणाऱ्या कंपन्या तो ग्रॅमच्या हिशेबात विकतात. कारण वरच्या कृतीतच दडलेलं आहे. दोन्ही भरण्यांची साखर मिळून 2.05 ग्रॅम होते. साखरेच्या वजनात कार्बन सुमारे 42 टक्के, म्हणजे सगळा कार्बन हाती लागला असं धरलं तरी 0.86 ग्रॅम. तेवढ्यासाठी एक ग्रॅम साचा विरघळून गटारात जातो. मालापेक्षा साचा जड! शिवाय तो साचा बनवायला आधी साबणासारखा एक महाग पॉलिमर लागला होता, तोही जाळून टाकला. एका साच्यासाठी दुसरा साचा, आणि दोन्ही एकदाच वापरायचे.

हायड्रोफ्लोरिक आम्लाची गोष्ट निराळी. ते काच खातं, म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. त्वचेवर पातळ थेंब पडला तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आम्ल आत उतरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि काही तासांनी जिवावर बेतू शकतं. ते वापरणाऱ्या प्रयोगशाळेत कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी ठेवावंच लागतं. औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या शेडमध्ये हे आम्ल पिंपाने आणण्याची कल्पना कोणी मांडली, तर तिला तिथेच नकार द्यायला हवा. कॉस्टिक सोडा सावकाश काम करतो, पण माणसाने त्याच्याच वाटेने जावं.

पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत साच्याचा प्रश्न वेगळ्याच टोकाने सुटत होता. सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाची गळून पडलेली पानं घेतली, वाळवली, दळली आणि हवेशिवाय भट्टीत तापवली. वाफ सोडली नाही, वेगळं रसायन घातलं नाही. तयार झालेल्या कार्बनचा पृष्ठभाग दर ग्रॅमला सुमारे 1230 चौरस मीटर निघाला, म्हणजे बारा गुंठे. सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात त्याने दर ग्रॅममागे 400 फॅरड इतकी धारकता दिली. 2013 मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. अशोकाच्या पानांवरही त्यांनी हाच प्रयोग केला. हिरवी पानं, न दळलेली पानं यांच्याशीही तुलना केली. पानाच्या घडणीतले मऊ सेंद्रिय पदार्थ आणि त्यातले धातू हेच छिद्रं पाडण्याचं काम करतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्यासाठी कोरियन कृतीत बाहेरून साचा आणावा लागला, त्याची काही सोय कडुनिंबाच्या पानात आधीच होती.

सिलिका पिकांतही असते. गवताच्या कुळातली पिकं मुळांवाटे ती पाण्याबरोबर शोषतात आणि पानांच्या कडांवर, सालीवर साठवतात. उसाचं पाचट सोलताना हाताला चिरे पडतात ते या सिलिकेच्या कणांमुळे. दादर ज्वारीच्या पात्यातही ती आहे. सगळ्यांत श्रीमंत आहे भाताचं तूस : त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा राख निघतो आणि राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. नवापूर-अक्कलकुवा पट्ट्यात भात पिकतो, तिकडे गोंदिया-भंडाऱ्यात तर गिरण्याच गिरण्या. तूस हवेशिवाय भाजून कॉस्टिक सोड्यात उकळलं, तर सिलिका विरघळते आणि तिच्या जागी कार्बनमध्ये पोकळ्या उरतात. विरघळलेल्या सिलिकेपासून सोडियम सिलिकेट मिळतं आणि त्यातून टायर व टूथपेस्टला लागणारी बारीक सिलिका परत काढता येते. साचा गटारात न घालवण्याची ही एक वाट झाली.

केळीत सिलिका थोडी, पण पोटॅशियम भरपूर. आसामात केळीची राख पाण्यात भिजवून खार काढतात तो यामुळेच. पोटॅशियमची संयुगं तापलेल्या कार्बनला आतून खातात. कारखान्यांत हेच काम पोटॅशियम हायड्रॉक्साइड विकत घेऊन करतात. जळगावच्या केळीबागांतलं घड उतरवल्यानंतर उरणारं खोड या नजरेने पाहिलं, तर त्यात कार्बनही आहे आणि त्याला कोरणारं रसायनही.

इथे मात्र उत्साहाला जरा लगाम हवा. कडुनिंबाचं पान काय, तूस काय, केळीचं खोड काय, यांतून येणारी छिद्रं ओळीत नसतात, मापात नसतात. जमीन बदलली, खत बदललं, पाऊस कमी झाला की खोडातल्या क्षारांचं प्रमाण बदलतं आणि कार्बनही. ‘शेतातल्या कचऱ्यापासून बॅटरी’ अशा मथळ्यांत ही बाब गळून जाते. पाण्याचा फिल्टर, कापडगिरणीच्या सांडपाण्यातला रंग, सुपरकपॅसिटरचा साधा विद्युतध्रुव यांना अशी घटबढ चालते. क्रोमॅटोग्राफीच्या नळीला ती मुळीच चालत नाही. तिथे प्रत्येक खेपेला तेच माप हवं, म्हणून तिथे माणूस साच्याचे पैसे मोजतो. दोन्ही माल काळेच दिसतात, पण गिऱ्हाईक वेगळं.

दोन्हींच्या मधला रस्ता जपानमध्ये तयार झाला. तोयो तान्सो ही कंपनी सिलिकेऐवजी मॅग्नेशियम ऑक्साइडचा साचा वापरून सच्छिद्र कार्बन विकते. हा साचा सौम्य आम्लातही विरघळतो आणि द्रावणातून परत मिळवता येतो. छिद्रं सीएमके-3 इतकी शिस्तीत नसली तरी त्यांचं माप ठरवता येतं, आणि माल ग्रॅमवरून किलोवर येतो.

मग नरडाण्यासारख्या ठिकाणी काय जमेल? सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन, मुंबई-आग्रा महामार्ग आणि दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या आराखड्यातलं धुळे-नरडाणा गुंतवणूक क्षेत्र एवढं इथे एकत्र आहे. बोरविहीर ते नरडाणा या नव्या लोहमार्गाची पायाभरणी फेब्रुवारी 2019 मध्ये झाली. पण कार्बनचा कारखाना रस्त्यापेक्षा कच्च्या मालाच्या ओलाव्यावर चालतो. केळीच्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. शंभर किलो खोड वाळवलं तर दहा किलोच्या आत माल उरतो, त्याचा कोळसा अडीच-तीन किलो, आणि कोरून झाल्यावर आणखी निम्मा. रावेर-यावलहून नरडाण्यापर्यंत ट्रक पाणीच वाहून आणेल. खोडाचं काम बागेच्या बांधाजवळच व्हायला हवं, निदान वाळवण्यापर्यंत तरी.

नरडाणा ज्यात येतं त्या शिंदखेडा तालुक्याच्या हाताशी आहे ती पऱ्हाटी. शेवटची वेचणी झाली की कपाशीच्या काड्या शेतात वाळलेल्याच असतात, हेक्टरी साधारण दोन ते तीन टन. फरदड घेतली, म्हणजे तेच पीक पुढे ठेवलं, तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, म्हणून कृषी विभाग त्या लवकर काढायला सांगतो. बरेच शेतकरी त्या बांधावर पेटवून देतात. मुंबईत माटुंग्याला 1924 पासून असलेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या काड्यांपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र विकसित केलं आहे, त्यामुळे काड्या गोळा करणं, त्यांचा भुगा करणं, वाहतूक हे प्रश्न काही अगदीच कोरे नाहीत. पऱ्हाटीत सिलिका फार नाही, तेव्हा छिद्रांसाठी वाफ किंवा बाहेरचा साचा लागेलच. हंगामही तीन-चार महिन्यांचा. बाकीचे आठ महिने भट्टी पेटती ठेवायची तर मक्याची बुरकुंडं किंवा नवापूरकडचं तूस आणावं लागेल, आणि त्या प्रत्येकाची छिद्रं नायट्रोजनने वेगळी मोजावी लागतील.